पंचविसावा गुरू

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

दत्तजयंतीच्या सप्ताहात आपल्याकडे अवधूताच्या २४ गुरूंची गोष्ट निघतेच. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी इथपासून ते कोळी आणि कुंभारीण माशीपर्यंतची यादी जुन्या मंडळींना पाठ असते. मीही लहानपणी कीर्तनात ती ऐकतच मोठा झालो. पण एक गोष्ट माझ्या ध्यानात फार उशिरा आली. बँकेतून निवृत्त झाल्यावर भागवताचा अकरावा स्कंध स्वतः वाचायला घेतला, एकनाथ महाराजांची टीका शेजारी ठेवून, तेव्हा कळलं की २४ गुरू संपले तरी अवधूत थांबत नाही. तो यदुराजाला आणखी एक गुरू सांगतो. तो म्हणजे आपलं स्वतःचं शरीर.

हे शरीर मला विवेक शिकवतं आणि वैराग्यही शिकवतं, म्हणून ते माझा गुरू, असं तो म्हणतो. आणि त्याच दमात सांगतो, की याच शरीराच्या आधारानं मी तत्त्वाचा विचार करतो खरा, पण ते माझं नव्हे. ते शेवटी दुसऱ्यांचं आहे. यादीत न मोजलेला हा पंचविसावा गुरू मला पुस्तकात भेटला, पण कळला मात्र नाही. तो कळायला मला मणिपालला जावं लागलं. आणि जे कळलं ते सुखाचं नव्हतं. वयाच्या या टप्प्यावर खोटं कशाला लिहायचं, म्हणून आहे तसं सांगतो.

गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही ३२ जण बस करून गोकर्णाला गेलो होतो. श्रीपाद श्रीवल्लभ महाराजांच्या वास्तव्यानं पावन झालेलं ते क्षेत्र. पुढं कोल्लूरची मूकांबिका, मग उडुपीचा कृष्ण असा बेत होता. उडुपीत दर्शन आटोपलं आणि दुपार मोकळी मिळाली. मणिपाल तिथून चार-पाच किलोमीटर. मला तिथं जायची फार दिवसांची इच्छा होती, पण कारण वेगळं होतं. आम्हा बँकवाल्यांना उडुपी-मणिपाल म्हणजे पिग्मीचं माहेर. डॉक्टर टी. एम. ए. पै आणि त्यांच्या दोन साथीदारांनी १९२५ मध्ये तिथं बँक काढली, तीच पुढं सिंडिकेट बँक झाली. १९२८ पासून त्यांची माणसं दारोदार फिरून दिवसाला अगदी दोन-दोन आणे गोळा करू लागली. आपल्या भिवंडीत यंत्रमाग कामगारांकडून रोज संध्याकाळी पैसे नेणारा पिग्मी एजंट ज्यांनी पाहिलाय, त्यांना त्याचं मूळ कुठलं हे कळावं म्हणून सांगितलं. २०२० मध्ये ती बँक कॅनरा बँकेत विलीन झाली.

त्याच डॉक्टर पैंनी १९५३ मध्ये तिथं कस्तुरबा मेडिकल कॉलेज सुरू केलं. त्या कॉलेजचं शरीररचनेचं आणि रोगविकृतींचं एक संग्रहालय आहे, आणि ते तिकीट काढून सामान्य माणसालाही पाहता येतं. बसमधल्या बहुतेकांनी "देवदर्शनाला आलोय, मढी कसली बघायची!" म्हणून चहाची टपरी गाठली. आमची सौ. मात्र उतरली. "अहो, चला. एवढं लांब आलोय तर बघून येऊ." तिच्या मनात काय होतं ते मला ठाऊक होतं. त्याच्याकडे पुढं येतोच.

आत गेलं की काचेच्या बरण्यांच्या रांगाच रांगा. प्राण्यांचे सांगाडे आहेत, माणसांचे आहेत, आणि बरण्यांमध्ये माणसाचा एकेक अवयव. मला वाटलं होतं किळस येईल. ती आली नाही. रंग लालभडक नसतात मुळी. औषधात राहून सगळं करडं, मातकट झालेलं असतं. हृदय आपल्या मुठीएवढं. दिवसाकाठी लाखभर ठोके देणारं यंत्र ते हेच का, असा प्रश्न पडावा इतकं साधं. लहान आतडं उलगडलं तर साधारण २० फूट भरतं, ते पोटात कसं घडी घालून ठेवलंय ते तिथं दिसतं. सौ.चे पित्ताशयाचे खडे काढून आठ वर्षं झाली. तसेच खडे एका बरणीत होते. ती त्यांच्यापुढं उभी राहिली आणि म्हणाली, "एवढेसे असतात होय? आणि मी किती छळलं तुम्हाला!" तंबाखूनं आणि दारूनं खराब झालेले अवयवही होते. आपल्या गावात व्यसनमुक्तीची किती व्याख्यानं झाली, पण एका खराब काळजाच्या तुकड्याइतकं स्पष्ट कुणीच बोललेलं मला आठवत नाही.

हे टिकतं कसं, हे तुम्हाला कुतूहल असेल. मेलेल्या शरीराला सडवतात ते जंतू. फॉर्मालीन नावाचं द्रव शरीरातल्या प्रथिनांना एकमेकांत असं जखडून टाकतं, की जंतूंना त्यात काही करता येत नाही. फॉर्मालीनचा हा गुण १८९३ च्या सुमाराला जर्मनीत ध्यानात आला. पुढं १९७७ मध्ये तिथल्याच हायडेलबर्गला गुंथर फॉन हागेन्स यांनी शरीरातलं पाणी आणि चरबी काढून त्या जागी एक प्रकारचं प्लास्टिक भरण्याची रीत शोधली. तसे देह कोरडे राहतात, वास येत नाही, हातात घेता येतात. १९९५ पासून अशा देहांची प्रदर्शनं देशोदेशी भरतात आणि लाखो माणसं ती पाहायला जातात. आपल्याकडे बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत मेंदूचं संग्रहालय आहे, तिथं माणसाचा खराखुरा मेंदू हातात घेऊन पाहता येतो.

आपल्याला वाटतं हे सगळं पाश्चात्त्यांचं. तसं नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात शव कसं तपासावं हे सविस्तर दिलंय. सर्व अवयव शाबूत असलेला, विषानं किंवा दीर्घ आजारानं न मेलेला देह घ्यावा, तो मुंज गवत, साल, दर्भ किंवा ताग यांत गुंडाळावा, पिंजऱ्यात ठेवून संथ वाहत्या पाण्यात एकांत जागी ठेवावा, आणि सात रात्रींनी बाहेर काढून वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंच्यानं हळूहळू घासत त्वचेपासून एकेक थर डोळ्यांनी पाहावा. ग्रंथात वाचलेलं आणि डोळ्यांनी पाहिलेलं, दोन्ही मिळूनच ज्ञान वाढतं, असा त्याचा आग्रह. आणि तिथंच तो हेही सांगून ठेवतो की देहात राहणारा तो अतिसूक्ष्म या चर्मचक्षूंना दिसायचा नाही. तो ज्ञानाच्या आणि तपाच्या डोळ्यांनीच दिसतो. म्हणजे शव चिरणारा माणूस आणि आत्मा मानणारा माणूस आपल्या परंपरेत दोन नव्हते, एकच होता.

मधल्या काळात मात्र ही विद्या मागं पडली. शवाला हात लावला की विटाळ. १८३६ मध्ये कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्त यांनी शवविच्छेदन केलं, तो केवढा धाडसाचा प्रसंग मानला गेला! आपल्या मुंबईत १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झालं. त्याच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर भाऊ दाजी लाड. आपल्या शेजारच्या कल्याणच्या आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला डॉक्टर झाल्या. या सगळ्यांना कुणाच्या तरी मृत देहानंच शिकवलं. आज आपला मोतीबिंदू काढणारा, गुडघा बदलणारा, पोरीबाळींची सुटका करणारा कुठलाही डॉक्टर घ्या. त्याचा हात पहिल्यांदा स्थिर झाला तो एका मृताच्या अंगावर.

मग तो मृत कोण होता? मणिपालला मी चौथ्या की पाचव्या रांगेत पोहोचलो आणि एका बरणीपुढं माझे पाय थांबले. त्यात एक हात होता. मनगटापासून पुढचा. त्वचा एका बाजूनं सोलून आतले स्नायूंचे दोर नीट दाखवलेले. दुसऱ्या बाजूला त्वचा तशीच होती, आणि नखंही. खाली चिठ्ठीवर स्नायूंची नावं. माणसाचं नाव नव्हतं. असायचंही नाही, तो नियमच आहे. पण मी आयुष्यभर नमुना सह्यांची कार्डं हाताळलेला माणूस. माझ्या मनात पहिला प्रश्न आला तो हाच, की हा हात सही कशी करत असेल?

आणि मला नानाकाका आठवले.

नानाकाका माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. मुंबईला गिरणीत होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि इतर हजारोंसारखी त्यांचीही नोकरी गेली ती गेलीच. लग्न केलेलं नव्हतं. त्याच सुमाराला हमरस्त्यालगतच्या आमच्या जमिनीच्या तुकड्यावरून त्यांचं आणि वडिलांचं बिनसलं. कुणाचं बरोबर होतं हे आज सांगूनही उपयोग नाही. त्या जमिनीवर आता कुणाचं तरी गोदाम उभं आहे. बोलणं बंद झालं, काकांचं गावी येणं बंद झालं.

१९८६ मध्ये मी एका बँकेच्या शाखेत बचत खात्याच्या खिडकीवर होतो. काकांचं जुनं खातं त्याच शाखेत होतं. एक दिवस रांगेत ते दिसले. फार वाळले होते. त्यांनी पैसे काढायची पावती आत सरकवली. मी कार्ड काढलं. सही जुळत नव्हती. कार्डावरची सही ठसठशीत होती, पावतीवरची थरथरत गेलेली. नियम असा, की सही जुळत नसेल तर ओळख देणारा खातेदार आणावा. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "अरे, मी आहे." मी म्हणालो, "नियम आहे. ओळख देणारं कुणीतरी घेऊन या."

ओळख देणारा मी स्वतः समोर बसलो होतो. माझंही खातं त्याच शाखेत होतं. साहेबांना एक शब्द सांगितला असता तर दोन मिनिटांचं काम. पण घरचं भांडण माझ्या डोक्यात होतं, मागं रांग होती, आणि नियम माझ्या बाजूनं होता. काकांनी पावतीची चौकोनी घडी केली, वरच्या खिशात ठेवली आणि गेले. वाद घातला नाही. घातला असता तर मला आज बरं वाटलं असतं.

त्यानंतर दीड वर्षानं त्यांच्या गिरणीतला एक जुना सोबती वडप्याला आला. काका रस्त्यात बेशुद्ध पडले होते, कुणीतरी दवाखान्यात पोहोचवलं होतं, तिथंच ते गेले. खिशात नाव-पत्ता नव्हता. या गोष्टीला तेव्हाच पाच महिने होऊन गेले होते. वडील आणि मी मुंबईला गेलो. पोलिसांकडच्या फोटोवरून वडिलांनी भावाला ओळखलं. देहाचं पुढं काय झालं, तर नोंदवहीत दोन ओळी होत्या. बेवारस, मेडिकल कॉलेजला दिला. कुठल्या खोलीत, कुठल्या टेबलावर, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी सांगणार कोण?

यात कुणी बेकायदा काही केलं नव्हतं. १९४९ चा मुंबई शरीररचनाशास्त्र अधिनियम आहे. दवाखान्यात, तुरुंगात किंवा सार्वजनिक जागी मेलेल्या माणसाचा देह ठरलेल्या मुदतीत जवळच्या कुणी मागितला नाही, तर तो शिक्षणासाठी देता येतो. कायद्याचा हेतू चांगलाच आहे, डॉक्टर घडायला हवेत. पण त्यातून झालं असं, की आपल्या सगळ्यांना बरं करणारी विद्या वर्षानुवर्षं अशा माणसांच्या देहावर शिकली गेली ज्यांना कुणी विचारलं नव्हतं, कारण जिवंतपणीही त्यांना कुणी विचारत नव्हतं.

हे फक्त आपल्याकडेच घडलं असं नाही. इंग्लंडात चार्ल्स बर्न नावाचा साडेसात फुटांहून उंच माणूस होता. मेल्यावर आपल्या देहावर डॉक्टर टपून बसलेत हे त्याला माहीत होतं, म्हणून आपल्याला समुद्रात सोडा असं त्यानं सांगून ठेवलं होतं. १७८३ मध्ये तो वारला. जॉन हंटर या नामांकित शल्यवैद्यानं पैसे चारून देह मिळवला आणि सांगाडा संग्रहालयात उभा केला. तो पुढं दोनशेहून जास्त वर्षं लोकांनी पाहिला. २०२३ मध्ये ते संग्रहालय नव्यानं उघडलं तेव्हा कुठं तो प्रदर्शनातून काढला. त्या प्लास्टिक भरलेल्या देहांच्या प्रदर्शनांचीही तीच कथा. चीनमधून आणलेले देह दाखवणाऱ्या एका कंपनीला २००८ मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलानं असं जाहीर करायला लावलं, की हे देह फाशी दिलेल्या कैद्यांचे नाहीत याची खात्री आम्ही देऊ शकत नाही.

तर मग प्रश्न असा पडतो. ज्यांना विचारलं नाही त्यांच्याकडे पाहून शिकणं हे पाप का? अशी संग्रहालयं असूच नयेत का?

मला तसं वाटत नाही. अवधूतानं ज्यांना गुरू केलं त्यांपैकी कुणालाच त्यानं विचारलं नव्हतं. कबुतराचं घर उद्ध्वस्त झालं, मासा गळाला लागला, पतंग जळून गेला, त्यांच्या दुःखातूनच तो शिकला. पण तो त्यांना गुरू म्हणाला. त्यांचं नाव घेऊन, मान देऊन त्यानं ते राजाला सांगितलं. तमाशा पाहणं आणि गुरू करणं, यातला फरक हाच. बरणीतला हात पाहून कुणी फोटो काढून हसत सुटला, तर ते पाहणं हीन. तोच हात पाहून कुणाला स्वतःचा हात कळला, तर तो हात गुरू. मात्र गुरू केला की गुरुदक्षिणा आली. फुकट शिकून उठून जाता येत नाही.

बँकेच्या भाषेत सांगतो. खात्यात दहा वर्षं व्यवहार झाला नाही, कुणी दावा केला नाही, तर ती ठेव २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जाते. पण ती बुडत नाही. वारस कधीही आला, ओळख पटवली, की ती परत मिळते. २०२३ पासून तर घरबसल्या शोधता येतं. रुपयाला ही सोय आहे. माणसाला नाही. बेवारस ठेवीचा वारस उशिरा आला तरी चालतं, बेवारस माणसाचा वारस वेळेवरच यावा लागतो.

हे मला शिकवलं तेही काकांनीच. त्यांच्या खात्यात सातशे रुपयांच्या वर काहीतरी शिल्लक होती. मृत्यूचा दाखला मिळाल्यावर वडिलांनी दावा केला. फॉर्म मीच भरला. 'मृत खातेदाराशी नाते' या रकान्यात 'सख्खा भाऊ' हे शब्द माझ्या अक्षरात आहेत. त्या दिवशी ओळख पटायला दहा मिनिटं पुरली.

काकांच्या गतीचं काय, हा घोर वडिलांना लागला होता. देह नाही, अग्नी नाही, अस्थी नाहीत. आमच्या गुरुजींनी पालाशविधी सांगितला. ज्याचा देह मिळत नाही त्याच्यासाठी पळसाच्या पानांच्या ३६० देठांनी माणसाची आकृती करतात, डोक्याच्या जागी नारळ ठेवतात आणि तिला अग्नी देतात. मीच देठ मोजून दिले. हा आकडा ३६० का, हे मला तेव्हा कळलं नाही. पुढं वाचनात आलं की चरकाच्या मोजणीत माणसाची हाडं ३६०, कारण तो दात आणि नखंही धरतो. सुश्रुत ३०० सांगतो. आजचं शास्त्र मोठ्या माणसात २०६ मोजतं. म्हणजे काकांची खरी हाडं कुठल्या तरी कॉलेजात मुलं मोजत असतील, त्याच दिवसांत मी अंगणात बसून त्यांची पळसाची हाडं मोजत होतो.

आता सौ.ची गोष्ट. तीन वर्षांपूर्वी तिनं देहदानाचा फॉर्म आणला. तिची बाजू भरून तयार. जवळच्या नातेवाइकाची सही राहिली होती, म्हणजे माझी. मी ती करत नव्हतो. दरवेळी एकच सांगायचो, की अग्नी मिळाला नाही तर गती कशी मिळेल? ती म्हणायची, "अहो, दत्तमहाराजांनी स्मशानात राहून दाखवलं, आणि तुम्ही अग्नीचं काय घेऊन बसलात?" मी विषय बदलायचो.

मणिपालच्या त्या बरणीपुढं मला उमगलं, की गतीचं कारण मी पुढं करत होतो, पण भीती वेगळीच होती. देहदान म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं ती नोंदवही यायची. बेवारस. आपल्या बायकोला कुणीतरी टेबलावर नुसतं ठेवून दिलंय, असं काहीतरी दिसायचं. गतीचं उत्तर तर मला १९८८ पासून माहीत होतं, मी स्वतःच्या हातानं देठ मोजले होते. देह नसला तरी विधी आहे, हे शास्त्रानंच मान्य केलंय. शास्त्रात ज्याला उपाय नाही ते वेगळंच. माणूस समोर उभा राहून "मी आहे" म्हणतो आणि आपण त्याला ओळखत नाही, त्याला पालाशविधी नाही.

बेवारस देह आणि दान केलेला देह टेबलावर सारखेच दिसतात. विद्यार्थ्याला दोन्ही सारखंच शिकवतात. फरक त्या देहात नाही, मागं राहिलेल्यांत आहे. एक सोडून दिलेला असतो, दुसरा देऊ केलेला असतो. आणि देणारे वाढले, तर न विचारलेल्यांच्या देहावर शिकायची वेळ हळूहळू कमी होईल. काकांसारख्यांचं ऋण फेडायची माझ्या बुद्धीला सुचलेली एवढी एकच वाट. ते तर आता सापडायचे नाहीत. निदान त्यांच्या जागी पुढं जो जाणार असेल, त्याच्याऐवजी स्वखुशीनं कुणीतरी जावं.

थायलंडात देहदान करणाऱ्याला विद्यार्थी 'थोर गुरुजी' म्हणतात आणि शिकून झाल्यावर मानानं त्याचा अंत्यविधी करतात, असं वाचलं. आपल्याकडेही आता अनेक कॉलेजांत पहिल्या वर्षाची मुलं शवापुढं उभं राहून आदरानं वागण्याची शपथ घेतात. शवाला पहिला गुरू म्हणतात. हे वाचलं आणि मला अकरावा स्कंध आठवला. शरीर हे गुरू, आणि शरीर दुसऱ्यांचं. अवधूताची दोन्ही वाक्यं त्या एका टेबलावर खरी होतात.

ज्यांना अग्नीच हवा त्यांना मी चूक म्हणणार नाही. ती श्रद्धा आहे आणि तिचा मान आहे. पण ज्यांच्या मनात देहदान असेल त्यांच्यासाठी चार व्यवहाराच्या गोष्टी सांगतो, कारण आमच्या वयाला त्याच उपयोगी. एक, फॉर्म भरला म्हणजे झालं असं नाही. मागं राहिलेल्यांनी देह दिला नाही तर कॉलेज जबरदस्ती करत नाही, म्हणून मुलांशी आजच मोकळं बोला. दोन, मृत्यूचं कारण लिहिलेला डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि देह लवकरात लवकर पोहोचवावा लागतो. तीन, अपघातात जाऊन शवविच्छेदन झालं किंवा काही संसर्गजन्य रोग असला तर देह सहसा घेत नाहीत. अशा वेळी घरच्यांनी वाईट वाटून न घेता नेहमीप्रमाणे अग्नी द्यावा. चार, देहदान करणाऱ्यालाही नेत्रदान करता येतं, मात्र ते काही तासांच्या आत व्हावं लागतं. चौकशी सरकारी किंवा महापालिकेच्या मेडिकल कॉलेजच्या शरीररचना विभागात करावी. आपल्याला जवळचं म्हणजे कळव्याचं.

मणिपालहून परतताना बसमध्ये सौ. खिडकीशी बसली होती. मी तिला नानाकाकांची बँकेतली गोष्ट सांगितली. लग्नाला ३८ वर्षं झाली, पण ही गोष्ट मी तिला कधी सांगितली नव्हती. कुणालाच नव्हती, वडील गेले तरी त्यांनाही नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "फॉर्म कपाटात वरच्या कप्प्यात आहे."

घरी आल्यावर मी त्यावर सही केली. दुसरा फॉर्म आणून माझाही भरला, मुलाची सही घेतली. तो जरा घुटमळला. त्याला मी एवढंच सांगितलं, की मला द्यायच्या आधी दवाखान्यात माझ्याजवळ येऊन उभा राहा, आणि हे माझे वडील आहेत असं तिथल्या माणसाला तोंडानं सांग. मग खुशाल ने म्हणावं.

आपल्या देवळात दत्तजयंतीला महाप्रसादाची रांग लागते. ट्रकवाले, गोदामातले हमाल, परगावचे कामगार, सगळे येतात. गेली काही वर्षं वाढायचं काम माझ्याकडे आहे. यंदा मी ठरवलंय, की पानावर बसलेल्या प्रत्येकाला नाव आणि गाव विचारायचं. एवढ्या गर्दीत ते कितपत जमेल कोण जाणे. पण विचारायचं.

॥ अवधूत चिंतन श्री गुरुदेव दत्त ॥